गोल चट्टा म्हणजे गजकर्णच असे नाही: कुत्र्याच्या त्वचेवरील बुरशी ओळखणे आणि बरी करणे

कोल्हापुरात जूनमध्ये पाऊस धरला की सप्टेंबर सरेपर्यंत दोरीवरचे कपडे धड वाळत नाहीत, आणि जे कपड्यांचे तेच कुत्र्याच्या अंगावरच्या दाट केसांचे होते. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पट्ट्यात तर अंगणात बांधलेले कुत्रे दिवसातून चार वेळा भिजते आणि ओल्या पोत्यावरच झोपते. मग श्रावणाच्या सुमारास केस झडू लागतात, कुठेतरी गोल चट्टा दिसतो, अंगाला आंबूस वास येतो, आणि घरातील कोणीतरी औषधाच्या दुकानातून गजकर्णाचे मलम घेऊन येते. माझ्या तपासणीच्या टेबलावर पावसाळ्यात चढणाऱ्या कुत्र्यांपैकी बरीच अशी असतात, की ज्यांना तीन आठवडे कोणते ना कोणते मलम लावून झालेले असते आणि त्यामुळे मूळ आजार ओळखणे अधिकच अवघड झालेले असते. म्हणून या लेखात उपचारांपेक्षा निदानाला अधिक जागा दिली आहे. निदान नेमके झाले की उपचार कोणता करावा याविषयी फारसे मतभेद उरत नाहीत.

बुरशी एक नव्हे, दोन

कुत्र्याच्या त्वचेवर आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकारची बुरशी त्रास देते आणि त्या दोन्हींचा स्वभाव पूर्णपणे वेगळा आहे. पहिली म्हणजे गजकर्णाची, जिला नायटा असेही म्हणतात. ही बुरशी केस, नखे आणि त्वचेचा वरचा मृत थर यांतील केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. ती बाहेरून येते आणि संसर्गजन्य असते, म्हणजे एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे, मांजराकडून कुत्र्याकडे आणि कुत्र्याकडून माणसाकडे जाते. दुसरी म्हणजे मॅलासेझिया नावाचे यीस्ट. हे मात्र निरोगी कुत्र्याच्या कानात, ओठांच्या घड्यांत आणि बोटांच्या बेचक्यांत अल्प प्रमाणात कायमच वस्तीला असते. त्वचा ओलसर, तेलकट किंवा आधीच सुजलेली झाली की त्याची संख्या बेसुमार वाढते आणि मग ते आजार बनते. त्याची लागण सहसा शेजारच्या कुत्र्याला होत नाही. पण त्याच कुत्र्याला ते पुन्हा पुन्हा होते, कारण ज्या कारणाने त्वचा बिघडली ते कारण तसेच राहिलेले असते.

गजकर्णाच्या बुरशीचेही कुत्र्यांत तीन मुख्य प्रकार आढळतात, आणि ती कोठून आली असेल याचा अंदाज घेताना हे तीन प्रकार ठाऊक असणे उपयोगी पडते. मायक्रोस्पोरम कॅनिस ही बहुधा मांजराकडून येते. नावात कुत्रा असला तरी तिचे माहेर मांजर आहे. नॅनिझिया जिप्सिया, जिला पूर्वी मायक्रोस्पोरम जिप्सियम म्हणत, ती मातीत राहते आणि नाकाने-पंज्याने माती उकरणाऱ्या कुत्र्यांना होते. तिसरी ट्रायकोफायटन मेन्टाग्रोफायटिस ही उंदीर-घुशींशी जोडलेली आहे. करवीर, कागल, पन्हाळा या तालुक्यांत उसाच्या फडात घुशींमागे धावणाऱ्या कारवानी आणि गावठी कुत्र्यांच्या नाकाडावर, डोळ्यांभोवती किंवा पुढच्या पायांवर जाड खपल्या दिसल्या, तर या दोन शक्यता आधी डोक्यात आणाव्यात. गोठ्यात वासरांच्या डोळ्यांभोवती राखाडी जाड खपल्या येतात तेही गजकर्णच. त्याची बुरशी वेगळी असली तरी त्याच गोठ्यात झोपणाऱ्या कुत्र्याला तिची लागण होऊ शकते. त्यामुळे डॉक्टरांना घरातील वासरांविषयीही सांगावे.

पहिली पायरी: घरी नीट पाहणे आणि लिहून ठेवणे

दवाखान्यात जाण्यापूर्वी दिवसाच्या भरपूर उजेडात कुत्र्याला नाकापासून शेपटीपर्यंत केस उलटे करून तपासावे. हे करताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. लहान मुलांना हे काम सांगू नये.

पाहण्याच्या गोष्टी अशा. केस मुळासकट गळले आहेत की मध्येच तुटून खुंट राहिले आहेत? गजकर्णात केसाचा दांडाच बुरशीने पोखरलेला असल्यामुळे तो तुटतो, आणि चट्ट्यावर दाढीचे खुंट वाढल्यासारखे दिसते. त्याभोवती राखेसारखा कोंडा असतो. कुत्रे किती खाजवते? साध्या गजकर्णात खाज बहुधा नसते किंवा अगदी थोडी असते, तर मॅलासेझियात कुत्रे रात्री घरच्यांना झोपू देत नाही, पंजे चाटते, भिंतीला अंग घासते. वास कसा आहे? शिळ्या ताकासारखा, आंबट-तेलकट वास, हाताला लागणारा चिकटपणा, गळ्याखाली, काखेत, जांघेत आणि पोटावर लाल झालेली व पुढे काळवंडून हत्तीच्या कातड्यासारखी जाड झालेली त्वचा ही यीस्टची चिन्हे होत. पांढऱ्या नखांच्या बुडाशी तपकिरी रंग चढला असेल आणि बोटांच्या मध्ये लाली असेल, तर तीही खूण याच दिशेने जाते. कानात गडद तपकिरी, मेणचट मळ आणि डोके झटकणे हेही त्यातच येते.

याखेरीज चार गोष्टी कागदावर लिहाव्यात: पहिला चट्टा कधी दिसला, त्याआधीच्या तीन आठवड्यांत नवे पिल्लू किंवा मांजर घरी आले होते का, घरातील कोणा माणसाच्या अंगावर गोल चट्टा आहे का, आणि आतापर्यंत कोणकोणती औषधे लावली वा पोटात दिली. संसर्ग झाल्यापासून गजकर्ण दिसेपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात, म्हणून तीन आठवड्यांचा हिशेब. औषधांची रिकामी ट्यूब किंवा पाकीट सोबत न्यावे. ‘पांढऱ्या रंगाचं मलम होतं’ एवढ्यावरून कोणाला काही कळत नाही. मोबाईलवर काढलेली दिनांकासह छायाचित्रे मात्र फार उपयोगी ठरतात, कारण चट्टा पसरतो आहे की भरतो आहे हे आठवणीपेक्षा छायाचित्रावरून अचूक समजते.

दुसरी पायरी: बुरशीसारख्या दिसणाऱ्या इतर आजारांना वगळणे

येथेच सर्वाधिक चुका होतात. मोठ्या कुत्र्याच्या पोटावर किंवा पाठीवर जो सुबक गोल चट्टा दिसतो, ज्याच्या कडेला कोंड्याची झालर आणि मध्ये थोडी काळसर त्वचा असते, तो बहुतेक वेळा जिवाणूंचा संसर्ग असतो. तेथे आधी एक पुळी आलेली असते, ती फुटते आणि तिच्या कडा बाहेर पसरत जातात, म्हणून आकार गोल होतो. त्यावर गजकर्णाचे मलम लावून काहीही होत नाही.

दुसरा फसवणारा आजार म्हणजे लूत. डेमोडेक्स या किड्यामुळे होणाऱ्या लुतीत पिल्लांच्या डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर खाज न येणारे केस गेलेले ठिपके दिसतात; ते हुबेहूब गजकर्णासारखे दिसतात. सारकॉप्टिस या किड्याची खरूज मात्र भयंकर खाजते, कानांच्या कडा आणि कोपर यांपासून सुरू होते आणि कुत्र्याला कुशीत घेणाऱ्या माणसाच्या हातांवर, पोटावरही बारीक पुरळ उठवते. पिसवांची ॲलर्जी असेल तर शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर केस जातात. पांढऱ्या ओल्या कागदावर केसांतील काळे कण झटकले आणि ते लालसर विरघळले, तर ती पिसवांची विष्ठा समजावी. गोचीड चावलेल्या जागी गाठ राहते, तीही कधी कधी चट्ट्यासारखी भासते.

या साऱ्यांची सरमिसळही होते. एकाच कुत्र्याला मुळात ॲलर्जी, त्यावर जिवाणू आणि त्यावर यीस्ट असे तीन थर असणे ही पावसाळ्यातील नेहमीची गोष्ट आहे.

तिसरी पायरी: दवाखान्यात करावयाच्या तपासण्या

नुसते पाहून निदान करणारे पशुवैद्य अनुभवी असू शकतात, तरीही पालकाने ‘टेप लावून किंवा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येईल का’ असे नम्रपणे विचारावे. त्वचेच्या आजारात लागणारी पहिली तीन तपासणी-साधने स्वस्त आहेत आणि निकाल तिथल्या तिथे मिळतो.

टेप तपासणी ही मॅलासेझियासाठी मुख्य होय. पारदर्शक चिकटपट्टी बाधित जागेवर दाबून उचलतात, रंगद्रव्यात बुडवून काचेवर ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या वर्धनाने पाहतात. भुईमुगाच्या शेंगेसारखे किंवा पावलाच्या ठशासारखे, मध्ये चिमटलेले यीस्ट दिसले की ओळख पटते. कानासाठी कापसाच्या बोळ्याने मळ घेऊन तोच काचेवर गुंडाळतात. एखाददुसरे यीस्ट दिसले म्हणून आजार ठरत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. संख्या, जागा आणि लक्षणे ही तिन्ही एकत्र बघून ठरवावे लागते. याच टेपवर जिवाणू आणि पूपेशीही दिसतात, म्हणजे वरच्या पायरीतील निम्मी शंका येथेच फिटते.

त्वचा खरवडणे हे लुतीसाठी. डेमोडेक्स केसांच्या मुळाशी खोल असल्याने थोडे रक्त पाझरेपर्यंत खरवडावे लागते. पालकाने त्यामुळे घाबरून जाऊ नये.

गजकर्णासाठी चट्ट्याच्या कडेचे तुटके केस उपटून त्यांवर खनिज तेल किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण घालून पाहतात. बाधित केस फुगलेला, विसविशीत आणि कडेला बीजाणूंच्या बारीक मण्यांनी वेढलेला दिसतो. वूड्स लॅम्प नावाच्या अतिनील दिव्याखाली मायक्रोस्पोरम कॅनिसने बाधित केस कच्च्या सफरचंदासारखे हिरवे चमकतात. येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. पहिली, चमक केसाच्या दांड्यावर हवी. कोंडा, मलम, साबणाचा अंश हेही निळसर-पांढरे चमकतात. दुसरी, नॅनिझिया जिप्सिया आणि ट्रायकोफायटन यांनी बाधित केस चमकत नाहीत, त्यामुळे चमक न दिसणे म्हणजे गजकर्ण नसणे असा अर्थ काढता येत नाही. नोटा तपासण्यासाठी बाजारात मिळणारी जांभळी टॉर्च आणून घरी प्रयोग करणारे काही पालक मला भेटले आहेत. त्या टॉर्चमधून बरेचदा 395 नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना दिसणारा जांभळा प्रकाशच अधिक येतो. वूड्स लॅम्पला 365 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश लागतो. त्या टॉर्चने सगळेच केस थोडे चमकतात आणि उगाच घबराट होते.

खात्रीची तपासणी म्हणजे बुरशीची वाढ करून पाहणे, अर्थात कल्चर. नव्या, न वापरलेल्या दात घासण्याच्या ब्रशने चट्टा आणि त्याभोवतीचा भाग दोन-तीन मिनिटे विंचरतात आणि ब्रशचे केस गजकर्णासाठीच्या खास माध्यमावर हलके टेकवतात. पांढरी किंवा फिकट पिवळसर, कापसासारखी वसाहत उगवत असतानाच पिवळे माध्यम लाल होऊ लागले, तर गजकर्णाचा संशय बळावतो. हिरवी, काळी किंवा करडी वसाहत मात्र हवेतल्या साध्या बुरशीची असते, आणि तीही जुनी झाल्यावर माध्यम लाल करते. म्हणून बाटली रोज पाहावी लागते आणि शेवटी वसाहतीचा अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहून प्रकार ठरवावा लागतो. नुसत्या लाल रंगावर विसंबून दिलेला अहवाल अपुरा समजावा. या कामाला दोन ते तीन आठवडे लागतात. पीसीआर, म्हणजे बुरशीचा डीएनए शोधणारी तपासणी, त्याहून लवकर उत्तर देते, पण ती मृत बुरशीचे अंशही पकडते, त्यामुळे उपचार संपवताना तिचा अर्थ जपून लावावा लागतो.

आजार चिवट असेल, गाठी झाल्या असतील किंवा नाकाडावरच्या खपल्या महिनोन्‌महिने जात नसतील, तर त्वचेचा लहान तुकडा काढून तपासणे भाग असते. अशा कुत्र्यांसाठी पुणे-बंगळूर महामार्गावरील शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय हा कोल्हापूरकरांना गाठता येण्यासारखा पर्याय आहे.

चौथी पायरी: मॅलासेझियाचे उपचार

येथे मुख्य औषध शाम्पू आहे आणि पोटातील गोळी दुय्यम आहे. क्लोरहेक्सिडीन 2 टक्के आणि मायकोनाझोल 2 टक्के असे मिश्रण असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा वापरणे हा सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपाय आहे. तो न मिळाल्यास 3 टक्के क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू चालतो. माणसांचा कोंड्यावरचा शाम्पू वापरू नये, कारण माणसाची त्वचा आम्लधर्मी असते आणि कुत्र्याची त्या मानाने उदासीनतेकडे झुकलेली.

शाम्पूचा उपयोग होत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारतो: फेस किती वेळ अंगावर ठेवला? उत्तर बहुधा ‘लावला आणि लगेच धुतला’ असे असते. आधी कोमट पाण्याने केस मुळापर्यंत भिजवावेत, अंग फार तेलकट असेल तर एकदा साध्या कुत्र्यांच्या शाम्पूने धुऊन घ्यावे, मग औषधी शाम्पू काखा, जांघ, गळ्याखालच्या घड्या आणि बोटांच्या मध्ये चोळावा, आणि घड्याळ लावून पूर्ण 10 मिनिटे तसाच राहू द्यावा. या वेळात कुत्र्याला चाटू देऊ नये. त्याच्याशी बोलत, थोडे खाऊ देत वेळ काढावा. नंतर भरपूर पाण्याने धुवावे, कारण राहिलेला अंश पुन्हा खाज आणतो.

आणि मग वाळवणे, जे कोल्हापूरच्या पावसाळ्यात औषधाइतकेच महत्त्वाचे ठरते. टॉवेलने चोळण्याऐवजी दाबून पाणी टिपावे, पंख्याखाली किंवा थंड हवेवर ठेवलेल्या ड्रायरखाली बोटे आणि काखा कोरड्या कराव्यात. अंघोळीखेरीजच्या दिवशीही बाहेरून फिरून आल्यावर चारही पंजे धुऊन बेचक्यांसह पुसावेत. रंकाळ्याच्या काठाने सकाळी फिरायला नेणाऱ्यांनी खांद्यावर एक जुना टॉवेल ठेवला, तरी निम्मे काम होते. लॅब्रॉडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, शिह त्झू, पग यांसारख्या दाट केसांच्या किंवा घड्या असलेल्या कुत्र्यांबाबत हे अधिक काटेकोरपणे करावे; आखूड केसांचे कारवानी कुत्रे अंग झटकले की जवळजवळ वाळलेले असते.

शाम्पूने दोन आठवड्यांत खाज आणि वास स्पष्ट कमी व्हायला हवा. आजार सर्वांगावर पसरलेला असेल किंवा अंघोळ घालणे शक्यच नसेल, तर डॉक्टर इट्राकोनाझोल किंवा किटोकोनाझोल पोटातून देतात. इट्राकोनाझोलची मात्रा साधारणतः वजनाच्या प्रति किलोस 5 मिलिग्रॅम रोज अशी असते, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला 100 मिलिग्रॅम. काही वेळा ती आठवड्यात सलग दोनच दिवस देतात. ही औषधे यकृतावर ताण आणू शकतात, म्हणून आधी आणि लांबलेल्या उपचारात मध्ये रक्ततपासणी करतात. कॅप्सूल खाण्यासोबत द्यावी. भूक मेली, उलट्या झाल्या, डोळ्यांत किंवा हिरड्यांत पिवळेपणा दिसला, तर पुढचा डोस न देता डॉक्टरांना कळवावे. गाभण कुत्रीला ही औषधे देत नाहीत. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो: लुतीसाठी आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन किंवा गोळी नुकतीच दिली असेल, तर ते सांगितल्याशिवाय किटोकोनाझोल सुरू करू नये, कारण किटोकोनाझोलमुळे आयव्हरमेक्टिन मेंदूपर्यंत पोहोचून विषबाधा होण्याचा धोका वाढतो.

कानाचे काम वेगळे समजावे. पडदा शाबूत आहे की नाही हे डॉक्टरांनी आत पाहिल्याखेरीज कानात कोणतेही थेंब घालू नयेत. पडदा फाटलेला असताना क्लोरहेक्सिडीनसारखी द्रव्ये आतल्या कानाला इजा करू शकतात. काडीने मळ खोल ढकलू नये.

इथपर्यंत केलेले सारे मॅलासेझियाची संख्या कमी करते. ती का वाढली, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो सोडला तर पुढच्या जुलैत तेच कुत्रे तोच वास घेऊन परत येते. तरुण कुत्रे वर्षानुवर्षे ठरावीक काळात पंजे चाटत असेल तर ॲलर्जी शोधावी. पिसवांवर वर्षभर नियमित औषध चालू ठेवावे. खाण्यातील एखाद्या प्रथिनाची शंका असेल तर आठ आठवडे निराळा आहार देऊन पाहावे, आणि त्या काळात घरातला बिस्किटाचा तुकडासुद्धा देऊ नये. वयस्कर कुत्रे मरगळले असेल, खाणे तेवढेच असून वजन वाढत असेल किंवा पाणी फार पीत असेल, तर थायरॉइड आणि अधिवृक्क ग्रंथींची तपासणी करावी.

पाचवी पायरी: गजकर्णाचे उपचार

धडधाकट कुत्र्याचे गजकर्ण काही आठवड्यांत आपोआपही बरे होऊ शकते. असे असताना उपचार का करावेत? कारण त्या काळात कुत्रे घरभर बीजाणू सांडत असते आणि घरात लहान मूल, वृद्ध व्यक्ती किंवा मधुमेहाचे वा कर्करोगाचे औषध घेणारे कोणी असेल तर त्यांना धोका असतो.

उपचाराचे दोन भाग एकाच वेळी चालवावे लागतात. अंगावर बाहेरून लावायचे औषध बीजाणू मारते आणि पोटातील औषध केसाच्या मुळातील बुरशी मारते. बाहेरून आठवड्यातून दोनदा संपूर्ण अंगाला चुना-गंधकाचे द्रावण, एनिलकोनाझोलचे द्रावण किंवा क्लोरहेक्सिडीन-मायकोनाझोल शाम्पू यांपैकी एक वापरतात. चुना-गंधकाचे द्रावण प्रभावी आहे, पण त्याला कुजलेल्या अंड्यांचा वास येतो आणि पांढरे केस पिवळे पडतात. शिवाय ते धुवायचे नसते, तसेच वाळू द्यायचे असते. केवळ दिसणाऱ्या चट्ट्यावर मलम लावून भागत नाही, कारण चट्ट्यापलीकडच्या निरोगी दिसणाऱ्या केसांवरही बीजाणू असतात.

पोटातून इट्राकोनाझोल किंवा टर्बिनाफाइन देतात. टर्बिनाफाइनची कुत्र्यासाठीची मात्रा प्रति किलो 30 ते 40 मिलिग्रॅम इतकी असते, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला 600 ते 800 मिलिग्रॅम लागतात. माणसाची गोळी 250 मिलिग्रॅमची असते. ‘मला एक लागते तर त्याला अर्धी पुरे’ असा हिशेब घरच्या घरी करणाऱ्यांचे कुत्रे म्हणूनच महिनाभर औषध खाऊनही बरे होत नाही. ग्रिसिओफुल्विन हे जुने औषध आजही कोणी लिहून देते. ते गर्भातील पिल्लांत व्यंग निर्माण करते आणि काही जनावरांत रक्तपेशी घटवते, त्यामुळे त्याला पर्याय असताना ते मागून घेऊ नये.

दाट लांब केसांच्या कुत्र्याचे केस कापल्यास औषध नीट पोहोचते, पण ते काम उघड्या व्हरांड्यात करू नये. कापलेले केस गोळा करून जाळावेत आणि यंत्राच्या पात्याने त्वचा खरचटू देऊ नये, कारण खरचटलेल्या जागी नवा चट्टा उठतो. घरातील इतर कुत्र्या-मांजरांची तपासणी त्याच आठवड्यात करावी. निरोगी दिसणारे मांजर हाच मूळ वाहक निघणे मुळीच विरळा नाही.

सहावी पायरी: घराची सफाई

गजकर्णाचे बीजाणू कोरड्या, थंड जागी 18 महिन्यांपर्यंत टिकल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणून कुत्र्याला बरे होईपर्यंत घरातील एकाच, फरशी असलेल्या खोलीत किंवा व्हरांड्यात ठेवावे. शेणाने सारवलेली जमीन निर्जंतुक करता येत नाही. अंथरूण म्हणून वापरलेली पोती सरळ जाळून टाकावीत आणि त्याऐवजी रोज बदलता येतील अशी जुनी सुती चादर घालावी.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी केस आणि धूळ गोळा करावी, झाडूऐवजी ओल्या फडक्याने किंवा व्हॅक्युमने, म्हणजे बीजाणू हवेत उडत नाहीत. मग साबणाच्या पाण्याने घासून धुवावे. त्यानंतरच निर्जंतुक द्रावण: बाजारात मिळणारे सुमारे 5 टक्क्यांचे ब्लीच एक लिटर पाण्यात 30 मिलिलिटर घालून फरशीवर 10 मिनिटे ओले राहू द्यावे आणि मग पाण्याने पुसावे. मळलेल्या फरशीवर ब्लीचचा जोर उरत नाही, आणि द्रावण रोज ताजे करावे लागते. संडास साफ करण्याचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र केल्यास विषारी वायू तयार होतो, तेव्हा ही दोन्ही एका बादलीत कधीही येऊ देऊ नयेत. फिनेलही टाळावे, विशेषतः घरात मांजर असेल तर. चादरी घरच्या कपड्यांपासून वेगळ्या, लागोपाठ दोनदा धुवाव्यात. पट्टा, कंगवा, गाडीतले आसन यांचा सहसा विसर पडतो.

घरातील माणसाच्या अंगावर चट्टा उठल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि कुत्र्याला गजकर्ण असल्याचे सांगावे. मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणून लावू नये. दोन दिवस खाज थांबते, आत बुरशी पसरत राहते आणि चट्ट्याचा आकारच ओळखू येईनासा होतो. कुत्र्यावरही त्याच ट्यूबा वापरल्या जातात आणि परिणाम तोच होतो, शिवाय कुत्रे ते चाटते.

जे करू नये

जळके ऑइल, रॉकेल, बॅटरीतले पाणी ही ‘औषधे’ लावलेली कुत्री आजही गावाकडून येतात. रॉकेलने त्वचा भाजते आणि चाटण्यातून ते फुफ्फुसात गेले तर जीवही जातो. टी-ट्री तेलाची शुद्ध बाटली कुत्र्याला विषारी ठरू शकते. हळद आणि खोबरेल तेलाने तसे नुकसान होत नाही, पण तेलकट थराखाली यीस्टचे फावते आणि तपासणीसाठी आणलेल्या टेपवर तेलाखेरीज काही दिसत नाही.

उपचार कधी थांबवावेत

मॅलासेझियात तीन ते चार आठवड्यांनी पुन्हा टेप लावून पाहतात. यीस्ट गेलेले असेल तर पोटातील औषध बंद करून शाम्पू आठवड्यातून एकदा, पावसाळा संपेपर्यंत चालू ठेवणे बऱ्याच कुत्र्यांना मानवते. गजकर्णात मात्र केस परत उगवले म्हणून थांबू नये, कारण त्वचा बरी दिसल्यावरही बुरशी काही आठवडे राहते. ब्रशने घेतलेले कल्चर स्वच्छ येईपर्यंत बाहेरून लावायचे औषध चालू राहावे. अनेक कुत्र्यांना यासाठी सहा ते आठ आठवडे लागतात, तर एकाहून अधिक प्राणी असलेल्या घरात त्याहून अधिक. घरात धोक्यातली व्यक्ती असेल तर लागोपाठ दोन कल्चर स्वच्छ आल्यावरच कुत्र्याला पुन्हा बिछान्याजवळ येऊ द्यावे.

नखांवरचा तपकिरी रंग पाहून काही पालक औषध सुरूच ठेवतात. पंज्याला वास येत नसेल, बोटे लाल नसतील आणि टेप स्वच्छ असेल, तर तो रंग औषधाने जाणारा नसतो; नख वाढत जाईल तसा तो पुढे सरकतो आणि काही महिन्यांनी नखाच्या टोकाबरोबर कापला जातो.